पहिले अठ्ठावीस दिवस

आठवड्यातून एकदा, मधल्या सुट्टीतील जेवणानंतर, अनेक शाळांत शिक्षक मुलामुलींना एक निळी गोळी देतात. ही गोळी लोह आणि फोलिक आम्लाची. एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, आम्ही आजारी नाही, मग गोळी कशाला?" 'रक्त वाढते' असे सांगून आपण पुढच्या तासाला लागतो. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. गोळीतील लोहाचे काम बहुतेकांना ठाऊक असते. फोलिक आम्लाची हकिकत मात्र क्वचितच सांगितली जाते. तिची सुरुवात आपल्या मुंबईत, परळला झाली.

परळचे कोडे

१९२८ साली डॉ. लूसी विल्स मुंबईत आल्या. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र शिकून त्या पुढे वैद्यकाकडे वळल्या होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी कामाला सुरुवात केली. कापड गिरण्यांच्या वस्तीतील गरीब स्त्रियांना गरोदरपणात एक तीव्र रक्तक्षय होत असे आणि त्यात अनेकजणी दगावत. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या आणि अपक्व असत. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात. येथे उलट दिसत होते.

प्रथम जंतुसंसर्गाचा संशय घेतला गेला, पण पुरावा मिळेना. मग विल्स यांनी या स्त्रियांच्या ताटात काय असते ते पाहिले. भाजी, फळे आणि प्रथिने फारच कमी होती. तसाच आहार त्यांनी उंदरांना दिला. उंदीरही रक्तक्षयाने आजारी पडले. मात्र उंदरांच्या अंगावरील उवांमुळे पसरणारा एक रोगही रक्तक्षय घडवतो असे लक्षात आल्यावर तो पुरावा डळमळीत झाला. त्यांनी प्रयोग पुन्हा माकडांवर केला. यीस्टचा अर्क दिल्यावर आजारी माकड सुधारले. 'मार्माइट' या नावाने विकला जाणारा हा अर्क बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून बनतो आणि स्वस्त असतो. रुग्ण स्त्रियांनाही त्याने झपाट्याने गुण आला. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसऱ्या एका घातक रक्तक्षयावर त्या काळी यकृताचा अर्क देत. हा अर्क जितका शुद्ध करावा तितका तो मुंबईच्या आजारावर निरुपयोगी ठरे. याचा अर्थ, यीस्टमध्ये काही वेगळाच घटक होता. त्याला पुढे 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले.

१९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातील मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकापासून एक पदार्थ अत्यल्प प्रमाणात वेगळा केला. पानाच्या लॅटिन नावावरून त्यांनी त्याला 'फोलिक आम्ल' हे नाव दिले. १९४५ च्या सुमारास लेडर्ले प्रयोगशाळेत, भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या संशोधन-नेतृत्वाखाली, ते कृत्रिमरीत्या बनवण्यात आले. गोळी स्वस्तात तयार होऊ लागली.

रक्तापासून गर्भापर्यंत

फोलिक आम्ल शरीरात नेमके काय करते? पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिच्यातील डीएनएची प्रत तयार व्हावी लागते. त्या डीएनएचे घटक जुळवण्यासाठी फोलिक आम्ल लागते. ते कमी पडले की पेशी वाढते, पण दुभंगत नाही. अस्थिमज्जेत सतत नव्या रक्तपेशी तयार होत असतात, म्हणून टंचाई प्रथम तेथे जाणवते. परळच्या स्त्रियांच्या रक्तातील त्या मोठ्या, अपक्व पेशींचे कारण हेच.

पण याहूनही वेगाने पेशी दुभंगतात ते ठिकाण म्हणजे आईच्या पोटातील गर्भ. गर्भाच्या पाठीवर प्रथम एक सपाट पट्टी असते. तिच्या कडा उचलल्या जातात, एकमेकींना भिडतात आणि एक नळी तयार होते. ही मज्जानलिका. तिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू बनतात. गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ही नळी पूर्ण मिटलेली असते. वरचे टोक उघडे राहिले तर मेंदू व कवटी नीट बनत नाहीत आणि मूल जगत नाही. खालच्या भागात फट राहिली तर 'स्पायना बायफिडा' हे व्यंग होते. त्यामुळे पायांत लुळेपणा येतो, लघवीवर ताबा राहत नाही.

या व्यंगांचा फोलिक आम्लाशी संबंध असावा अशी शंका लिव्हरपूलचे हिबार्ड आणि स्मिथेल्स यांनी १९६५ मध्ये मांडली. पुढे स्मिथेल्स यांनी, आधी असे मूल झालेल्या मातांना गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून फोलिक आम्ल असलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. १९८० मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. गोळ्या पूर्णपणे घेतलेल्या १७८ जणींत व्यंगाची पुनरावृत्ती एकदाच झाली, तर न घेतलेल्या २६० जणींत १३ वेळा.

प्रश्न सुटला असे वाटेल, पण येथे एक अडचण होती. कोणाला गोळी आणि कोणाला निव्वळ खडूसारखी खोटी गोळी मिळावी हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवू द्यायला नैतिकता समित्यांनी नकार दिला होता. त्यामुळे गोळ्या घेणाऱ्या माता मुळातच अधिक सुस्थित, अधिक दक्ष असतील, हा आक्षेप खोडता येईना.

ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८३ मध्ये निकोलस वॉल्ड यांच्या नेतृत्वाखाली रीतसर चाचणी सुरू केली. त्यात सात देशांतील ३३ केंद्रे आणि १,८१७ स्त्रिया होत्या. १९९१ मध्ये ती मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली, कारण निष्कर्ष स्पष्ट होता. एकूण २७ व्यंगांपैकी ६ फोलिक आम्ल मिळालेल्या गटांत होती आणि २१ ते न मिळालेल्या गटांत. धोका ७२ टक्क्यांनी घटला होता. इतर जीवनसत्त्वांचा तसा परिणाम दिसला नाही. त्या एकवीस कुटुंबांना ही खात्री किती महाग पडली, हा विचार आम्हा संशोधकांना आजही अस्वस्थ करतो. पण ती खात्री नसती, तर जगभरच्या सर्व स्त्रियांना हा सल्ला देण्याचे धाडस कोणी केले नसते.

पुढच्याच वर्षी हंगेरीतील अँड्र्यू त्सायझेल यांनी दाखवून दिले की, पूर्वी असे मूल न झालेल्या स्त्रियांनाही लाभ होतो. त्यांच्या केंद्रात पतिपत्नी दोघांनाही गर्भधारणेच्या तीन महिने आधीपासून तयारीसाठी बोलावत.

आधी म्हणजे कधी?

आता अठ्ठावीस दिवसांचा हिशेब मांडू. पाळी चुकते तेव्हा गर्भ साधारण दोन आठवड्यांचा असतो. खात्री करून दवाखान्यात नाव नोंदवेपर्यंत बहुधा नळी मिटलेली असते, किंवा उघडी राहिलेली असते. त्यानंतर घेतलेली गोळी आईच्या रक्तासाठी उपयोगी पडते, पण त्या फटीसाठी उशीर झालेला असतो. म्हणून मूल हवे असे ठरताच, किमान एक महिना आधीपासून पहिले तीन महिने संपेपर्यंत, रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घ्यावे असा सल्ला आहे. आधी असे मूल झाले असल्यास डॉक्टर याच्या दसपट मात्रा देतात. शाळेतील साप्ताहिक गोळीत ५०० मायक्रोग्रॅम असते. ती रक्तक्षयासाठी आहे, या रोजच्या गोळीऐवजी चालणार नाही.

पालक, मेथी, चवळी, हरभरा, मूग यांत हे जीवनसत्त्व असते. पण ते पाण्यात विरघळते आणि फार शिजवल्याने नष्ट होते. भाजी उकडून पाणी फेकण्याची सवय म्हणूनच सोडावी. मधुमेह आधीच आटोक्यात आणणे, मिश्री, तंबाखू व दारू सोडणे, फिट्सची औषधे चालू असल्यास डॉक्टरांशी आधीच बोलणे, हेही याच तयारीत येते. यात पुरुषही आलाच. शुक्रपेशी तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणजे त्याचे व्यसनही आधीच सुटायला हवे.

शेवटी एक गोष्ट वर्गात जरूर सांगावी. व्यंग असलेले मूल झाले की, 'ग्रहणात काहीतरी चिरले असेल' म्हणून आपल्याकडे आईलाच दोष देतात. ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. पण आता 'गोळी घेतली नसेल' असा नवा दोषही तिच्या माथी मारू नये. फोलिक आम्लाने सर्वच व्यंगे टळत नाहीत, आणि जे तिला कोणी वेळेत सांगितलेच नाही, त्याची जबाबदारी तिची कशी?

वेळेत सांगणे कोणाला शक्य आहे? डॉक्टरांकडे ती पोचते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. शिक्षकांसमोर मात्र ती, आणि तिचा भावी जोडीदारही, कित्येक वर्षे आधी बाकावर बसलेले असतात. "मग गोळी कशाला?" या प्रश्नाला पुढच्या वेळी पाच मिनिटे जास्त द्यावीत, ती यासाठी.