बुबुळाचा शंकू आणि कुळाचा वारसा

मानवी नेत्राच्या दर्शनी भागावर, घड्याळावरील काचेप्रमाणे, एक स्वच्छ आवरण असते. शास्त्रीय परिभाषेत त्यास पारपटल म्हणतात. डॉक्टर कॉर्निया म्हणतात, आणि नेत्रदानाच्या संदर्भात लोक त्यालाच ढोबळपणे बुबुळ म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. एवढ्याशा जाडीत कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू थरावर थर असे शिस्तीने रचलेले असतात, आणि या रचनेमुळेच पारपटल पारदर्शकही राहते व नेत्राच्या आतील दाबाला तोंडही देते. काही व्यक्तींच्या बाबतीत ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर ही वीण सैल पडू लागते. मधला भाग पातळ होतो, पुढे झुकतो, आणि गोल घुमटाचा शंकू बनतो. दिव्याभोवती किरणांचे फराटे दिसतात, अक्षरांना सावल्या फुटतात, चष्म्याचा नंबर वरचेवर बदलतो, आणि पुढे पुढे कोणताच चष्मा लागू पडेनासा होतो. हाच केराटोकोनस. हा विकार एखाद्या घरात दोघातिघा भावंडांना व्हावा आणि दुसऱ्या अनेक घरांत एकट्यालाच व्हावा, असे का घडते, या प्रश्नाने नेत्रवैद्यांना फार काळ चकविले.

या विकाराचे पहिले व्यवस्थित वर्णन इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरीच्या जॉन नॉटिंगहॅम या शल्यवैद्याने १८५४ साली आपल्या ग्रंथात केले, आणि पारपटलाला फुगवटा आणणाऱ्या इतर रोगांपासून त्याला वेगळे काढले. त्यापूर्वी तीनच वर्षे हेल्महोल्ट्झने नेत्रांतर्दर्शक यंत्र प्रसिद्धीस आणले होते. १८५९ मध्ये विल्यम बोमन याने त्या यंत्राचा आरसा विशिष्ट कोनात धरून शंकूची सावली कशी ओळखावी, हे दाखविले. पुढे १८६९ साली स्वित्झर्लंडमधील योहान होर्नर याने या विकाराच्या उपचारावर प्रबंध लिहिला. त्याच्या शीर्षकात आजचे ‘केराटोकोनस’ हे नाव आहे.

होर्नरचे नाव येथे आणखी एका कारणाने घ्यावयास हवे. १८७६ साली याच गृहस्थाने वंशावळी तपासून रंगांधत्वाचा नियम मांडला. रंगांध पित्याची कन्या स्वतः सर्व रंग पाहते. परंतु तिच्या पुत्रांत तो दोष पुन्हा उगवू शकतो. मेंडेलचा निबंध त्या वेळी छापून दहा वर्षे झाली होती. पण त्याची दखल शास्त्रज्ञांनी घेतली ती थेट १९०० साली. अशा काळात केवळ वंशावळीवर बोट ठेवून आजोबापासून नातवापर्यंतचा मार्ग सांगणे, ही लहान गोष्ट नव्हे. ज्याच्या प्रबंधाला केराटोकोनसचा इतिहास विसरत नाही, त्याच्याच हातून एका दुसऱ्या नेत्रदोषाच्या आनुवंशिकतेचा इतका स्वच्छ नियम निघाला, हा योगायोग मोठा मनोज्ञ आहे. कारण केराटोकोनसने असा स्वच्छ नियम कधीच दिला नाही.

याचे एक कारण मोजमापाच्या साधनांत होते. रोग्याला ‘तुमच्या घरात आणखी कोणाला?’ असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर नकारार्थी येई. आजही सुमारे दहांत एकालाच आपल्या नात्यातील दुसरा रुग्ण ठाऊक असतो. परंतु ठाऊक नसणे म्हणजे नसणे नव्हे. पोर्तुगालच्या प्लासिदोने १८८० मध्ये काळ्यापांढऱ्या वर्तुळांची तबकडी तयार केली. तिचे प्रतिबिंब पारपटलावर पाडले की वक्रतेतील बिघाड वर्तुळांच्या वाकडेपणावरून कळे. १९३८ साली मार्क आम्स्लर या स्विस नेत्रवैद्याने अर्धवट, दबलेल्या अवस्थेतील विकाराचे वर्णन केले. अशा व्यक्तीला स्वतःला काहीही त्रास जाणवत नाही. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत संगणकाने पारपटलाचा नकाशा काढता येऊ लागला, तेव्हा निरोगी समजलेल्या कित्येक आईबापांच्या आणि भावंडांच्या डोळ्यांत हा दबलेला शंकू दिसून आला. २००० साली लॉस अँजेलिस येथील वांग, राबिनोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. रुग्णाचे आईबाप, भावंडे व मुले यांत विकाराचे प्रमाण ३.३४ टक्के भरले. सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा ते १५ ते ६७ पट अधिक होते. अंदाजांत हा एवढा पल्ला पडला, तो सर्वसामान्य प्रमाणाचे आकडेच देशोदेशी निरनिराळे असल्यामुळे.

आता वारसा सिद्ध झाला, तेव्हा अपराधी जनुक पकडण्याची धावपळ सुरू झाली. २००२ साली विसाव्या गुणसूत्रावरील व्हीएसएक्स-१ या जनुकावर आरोप ठेवण्यात आला. आशा मोठी होती. पण देशोदेशीच्या बहुसंख्य रुग्णांत त्या जनुकाचा दोष सापडेना. २०१२ मध्ये एलओएक्स हे जनुक पुढे आले. कोलॅजनचे तंतू परस्परांशी जखडणारे विकर या जनुकाच्या आज्ञेने बनते, म्हणून हा संशय अधिक साधार होता. अखेर २०२१ मध्ये ४,६६९ रुग्ण आणि १,१६,५४७ इतर व्यक्ती यांची जनुकीय तुलना प्रसिद्ध झाली, आणि तीत एक नव्हे, तर ३६ ठिकाणे निघाली. त्यांतील पुष्कळशी कोलॅजनच्या विणीशी निगडित आहेत. एखाद्या कचेरीत गैरव्यवहाराची चौकशी चालावी, एका कारकुनावर ठपका ठेवण्याची सगळ्यांची तयारी असावी, आणि चौकशीअंती प्रत्येक मेजावर थोडी थोडी ढिलाई आढळावी, तसा हा प्रकार झाला. यांतील एकेका दोषाचा भार सहसा अल्प असतो. ते एखाद्याच्या वाट्याला किती आणि कोणते आले, यावर त्याच्या पारपटलाचे बळ अवलंबून असते.

आणि तरीही वारसा म्हणजे प्रारब्ध ठरत नाही. एकबीज जुळ्यांत विकार दोघांनाही होण्याचा संभव अधिक. पण तो दोघांत सारख्याच वेगाने वाढतो असे नाही. लंडनच्या फ्रेडरिक रिडली याने १९६१ साली रुग्णांच्या डोळे चोळण्याच्या सवयीकडे लक्ष वेधले. खाज सुटली की मुले बोटांच्या सांध्यांनी डोळे जोराने चोळतात, आणि आधीच सैल असलेली वीण त्या दाबाने आणखी सैल होते. डोळ्यांना खाज आणणारी अॅलर्जीही पुष्कळदा घराण्यात चालत आलेली असते. म्हणजे चोळणाऱ्या हाताच्या मागेही काही अंशी वारसाच उभा असतो.

भारतीयांच्या दृष्टीने या इतिहासाचे अलीकडचे पान महत्त्वाचे आहे. उष्ण, कोरड्या व धुळीच्या प्रदेशांत हा विकार अधिक, असे पूर्वापार निरीक्षण आहे. परंतु लेस्टर हे इंग्लंडमधील थंड, दमट हवेचे शहर. तेथील २००० सालच्या पाहणीत आशियाई वंशाच्या लोकांत हा विकार गोऱ्यांच्या चौपट आढळला. तेव्हा सगळा दोष हवेवर टाकता येईना. २००४ साली यॉर्कशायरमधील पाहणीत दर वर्षी नव्याने आढळणाऱ्या रुग्णांचे प्रमाण आशियाईंत लाखास २५, तर गोऱ्यांत ३.३ निघाले. त्या आशियाई कुटुंबांत चुलत-मावस भावंडांतील विवाह रूढ असल्याकडे संशोधकांनी बोट दाखविले. इस्राएलमधील पाहणीतही आप्तविवाहाशी असाच संबंध दिसला. महाराष्ट्रात मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल अनेक जातींत होती आणि काहींत अद्याप आहे. अशा विवाहात एकाच पूर्वजाकडून आलेले सदोष जनुक दोन्ही बाजूंनी अपत्याच्या पदरी पडण्याचा संभव वाढतो. अर्थात जगातील बहुसंख्य रुग्णांचे आईबाप परस्परांचे आप्त नसतात, हेही येथेच सांगणे न्याय्य होय.

खुद्द नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरील ४,६६७ ग्रामस्थांचे डोळे तपासण्यात आले. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमाण २.३ टक्के निघाले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या १९८६ सालच्या पाहणीत ते लाखास केवळ ५४.५ होते. नागपूरच्या पाहणीत निदान पारपटलाच्या वक्रतेच्या एकाच मापावर ठरविले होते, त्यामुळे तो आकडा काहीसा फुगलेला असणार. उलट मिनेसोटाचा आकडा संगणकी नकाशापूर्वीचा, म्हणून तो खुजा. हे दोन्ही ध्यानात घेऊनही अंतर मोठेच उरते.

हा शंकू बहुधा वयाच्या दुसऱ्या दशकात उगवतो आणि तिशी-चाळिशीपर्यंत वाढून थांबतो. २००३ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथील नेत्रवैद्यांनी नवा उपचार प्रसिद्ध केला: रिबोफ्लेव्हिन या जीवनसत्त्वाचे थेंब पारपटलात मुरवावयाचे आणि अतिनील किरण सोडून कोलॅजनच्या तंतूंत नवे बंध निर्माण करावयाचे. जे काम एलओएक्सचे विकर आतून करते, तेच येथे बाहेरून करून घेतले जाते. बहुतेक रुग्णांत त्याने वाढ थांबते. परंतु गेलेला आकार पूर्ववत होत नाही. म्हणून रुग्णाच्या धाकट्या भावंडांचे आणि मुलांचे पारपटल दहाव्या वर्षाच्या सुमारास तपासावे, आणि पुढे विशीपर्यंत ठराविक अंतराने तपासत राहावे, असा सल्ला नेत्रवैद्य देतात. त्यासाठी जनुकांची परीक्षा करावी लागत नाही. पारपटलाचा नकाशा काही मिनिटांत निघतो, आणि एखाद्या मुलाच्या बाबतीत आज तरी त्या ३६ ठिकाणांच्या यादीपेक्षा तोच अधिक सांगतो.