घास न गिळणारे मूल : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक टिपण

जुन्या शिरगणतीत 1931 पर्यंत वेडे, मूकबधिर, आंधळे व महारोगी अशा सदरांखाली व्यंगांची नोंद होत असे. 1941 ते 1971 या काळात हा प्रश्नच वगळला गेला. 1981 मध्ये आंधळे, मुके व पांगळे ही तीन सदरे आली आणि 2011 मध्ये ती आठ झाली. (1982 पर्यंत लातूर याच जिल्ह्यात होते, हे आकड्यांची तुलना करणाऱ्याने विसरू नये.) ज्याला घास गिळता येत नाही, त्या मुलाला यांपैकी कोठेही स्वतंत्र जागा नाही. ते 'पांगळ्यां'त मोजले गेले असेल, किंवा न्यूमोनियाने दगावून त्या रोगाच्या खाती जमा झाले असेल.

हा दृष्टिदोष केवळ सरकारी नव्हे. काश्यपसंहितेतील 'फक्क' रोगाच्या विवेचनात वर्षाचे होऊनही न चालणाऱ्या मुलासाठी तीन चाकांचा रथ सांगितला आहे. तेथे आहारविचार आहे. परंतु रोगाची ओळख पायांवरूनच पटविली आहे.

म्हणून अभ्यासकाने दप्तर बाजूस ठेवून स्वयंपाकघराकडे वळावे. चोचीचे बोंडले हे दुबळ्या बालकाला दूध पाजण्याचे आपले जुने साधन. मात्र पसरलेल्या पायांवर मुलाला उताणे निजवून दूध ओतण्याची रीत मेंदूचा पक्षाघात झालेल्या मुलास घातक ठरते. मान मागे पडली की दूध श्वासनलिकेत उतरण्याचा धोका वाढतो, आणि प्रत्येक वेळी ठसका लागतोच असे नाही. ज्वारीच्या या मुलुखात दुधात कुस्करलेली भाकरी हे मुलांचे ठरलेले जेवण. तीत पातळ व घट्ट एकत्र येतात, आणि अशा मुलाला नेमके हेच मिश्रण सर्वांत अवघड जाते. त्यामानाने आटवलेली, एकजीव पेज पुष्कळांना सोसते. ती किती दाट असावी, हे मात्र ज्याचे त्याचे तपासूनच ठरवावे लागते. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान चमच्याने, एक घास उतरल्यावरच दुसरा द्यावयाचा, तर एका जेवणास तास लागतो. हा तास बहुधा आईचाच असतो, आणि सुगीत तिला तो मिळत नाही.

मुंबईत 1972 मध्ये स्पास्टिक्स सोसायटी स्थापन झाली; 2013 मध्ये पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्याच्या तीस व्याधींच्या यादीत दुभंगलेली टाळू आहे, तीव्र कुपोषण आहे, मेंदू-स्नायूंचे व्यंगही आहे. गिळण्याची अडचण स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे असे मूल वजनकाट्यावर पुष्कळदा 'कुपोषित' ठरते व त्याला अधिक अन्न देण्याचा सल्ला मिळतो. ते अन्न कसे भरवावे, हा प्रश्न उरतोच. उमरगा-लोहाऱ्याकडील वृद्ध स्त्रियांना विद्यार्थ्यांनी तोच विचारावा आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावीत.