कमलाबाई, बटाटा आणि हृदयपेशी

दुर्गा भागवत हे नाव मराठीच्या विद्यार्थ्याला ‘ऋतुचक्र’ व ‘व्यासपर्व’ यांमुळे आणि १९७५च्या कऱ्हाड संमेलनामुळे ठाऊक असते. त्यांच्या धाकट्या भगिनी, जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, आमच्या वाचनात येतात त्या मात्र बहुधा एकाच प्रसंगातून: १९३३ साली बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत सी. व्ही. रामन यांनी, अर्जदार स्त्री आहे म्हणून, आधी नाकारलेला आणि मग अटी घालून दिलेला प्रवेश. प्रसंग खरा आहे, सांगायलाही हवा. आमचा आक्षेप एवढाच, की चरित्रकार त्या दारापाशीच रेंगाळतात आणि आत जाऊन बाईंनी काय केले ते एका वाक्यात उरकतात.

ते वाक्य जरा उलगडून पाहू. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवताना कमलाबाईंनी बटाट्यावर काम केले (आळेफाट्याहून मंचरकडे जाणाऱ्याला या कंदाची ओळख करून द्यायला नको!). वनस्पतिपेशींच्या श्वसनात सायटोक्रोम-सी या प्रथिनाचा वाटा त्यांनी दाखवला. सायटोक्रोम हे नाव डेव्हिड कीलिन यांनी १९२५ साली रूढ केले होते. पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये हे प्रथिन इलेक्ट्रॉन पुढे पोचवते. साखळीच्या टोकाला ऑक्सिजन असतो. बटाटा असो वा माणसाचे हृदय, व्यवस्था तीच.

हृदयाला धडधडण्यासाठी कॅल्शियम लागते, हे सिडनी रिंगर यांनी १८८३ सालीच बेडकाच्या हृदयावर दाखवले होते. पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटले की आकुंचन, ते पुन्हा आत ओढले गेले की प्रसरण. उतारवयात या हिशेबात गफलत होऊ लागते. श्वसनसाखळीतून निसटलेल्या इलेक्ट्रॉनांपासून ऑक्सिजनची उपद्रवी रूपे बनतात. त्यांच्या माऱ्याने साठ्याची दारे नीट मिटत नाहीत, कॅल्शियम झिरपत राहते. ते परत ओढणारा पंपही मंदावतो. म्हाताऱ्या हृदयाला सैलावायला वेळ लागतो, त्याचे हे एक कारण. झिरपलेले कॅल्शियम तंतुकणिकांत साठले, की तिथली गळती आणखी वाढते. (यावर ऑक्सिडीकरणविरोधी गोळ्या हा उतारा जाहिरातींत जितका खात्रीचा वाटतो, तितका चाचण्यांत ठरलेला नाही.)

ताण फारच वाढला, तर तंतुकणिकेचे आवरण फाटते आणि सायटोक्रोम-सी बाहेर पडते. तेव्हा तेच प्रथिन पेशीच्या मरणाची आज्ञा होते. श्वसन चालवणाऱ्या या रेणूचे हे दुसरे रूप १९९६ साली उजेडात आले. कमलाबाई १९९८ साली गेल्या.