तळटीप : मुकुट आणि चक्र

* मजकुरातील ‘मुकुटाचे पदक’ म्हणजे भारतीय स्वातंत्र्य पदक. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सेवेत असलेल्या सैनिकांना ते स्मरणार्थ दिले गेले. ते शौर्यपदक नव्हे. एका बाजूला अशोकचक्र व त्यावर राजमुकुट, दुसऱ्या बाजूला सारनाथचा सिंहस्तंभशीर्ष आणि स्वातंत्र्यदिनाची तारीख. फीत केशरी, पांढरी, हिरवी. मुकुट पाहून वाचकाने बुचकळ्यात पडू नये. २६ जानेवारी १९५० पर्यंत भारत ही ‘डोमिनियन’ होती आणि सहावा जॉर्ज तिचा राजा होता. मात्र पदकावरील लॅटिन मजकुरात तो केवळ ‘राजा’ आहे. ‘हिंदुस्थानचा सम्राट’ ही उपाधी त्याने जून १९४८ मध्येच सोडली होती.

घाटंजीच्या वाचकाला या चिन्हांत आणखी एक पदर दिसावा. घाटंजी वऱ्हाडातली, आणि वऱ्हाडावर कारभार इंग्रजांचा असला, तरी नाममात्र स्वामित्व निजामाचे मानले जाई. निजामाच्या थोरल्या मुलाला १९३६ पासून ‘प्रिन्स ऑफ बेरार’ (बेरार म्हणजे वऱ्हाड) ही पदवी होती. अशा प्रदेशातल्या शिपायाच्या छातीवर अशोकचक्र आले, हे मोठेच स्थित्यंतर.

संग्राहकाने पदकाची कड आधी वाचावी. सैनिकाचा क्रमांक, नाव व पलटण तिथे कोरलेली असते. फीत बदलू नये, धातू घासून चमकवू नये. घरात असे पदक असेल, तर ते मोडीत घालण्यापूर्वी कडेवरचे नाव तरी उतरवून ठेवा. — संपादक