स्पर्धात्मक रायफलची रेल आणि मूठ : निवड व जुळवणी

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळविणारे ते पहिले भारतीय नेमबाज ठरले. त्यापूर्वी २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात सुवर्णपदक मिळविले होते.

या खेळाकडे वळणाऱ्यांचे लक्ष साहजिकच रायफलच्या खरेदीकडे असते. मात्र रायफल खेळाडूच्या शरीराला जुळत नसेल, तर महागड्या रायफलचाही उपयोग होत नाही. ही जुळवणी ज्या भागांवर अवलंबून असते, त्यांत दस्त्याच्या पुढील भागाखालची रेल आणि उजव्या हाताची मूठ यांचे स्थान महत्त्वाचे आहे. येथील वर्णन उजव्या हाताने नेम धरणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्या नेमबाजांनी ते उलट समजावे.

जुळवणीची आवश्यकता

५० मीटर प्रकारातील लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ १०.४ मिलिमीटर असतो. रायफलच्या दिशेत एक मीटर लांबीमागे ०.१ मिलिमीटर इतका फरक पडला, तरी गोळी लक्ष्यावर ५ मिलिमीटर सरकते. स्नायूंच्या जोरावर इतकी स्थिरता दीर्घकाळ टिकविणे शक्य नसते. म्हणून रायफलचा भार हाडे आणि हाताचा पट्टा यांनी पेलावा व स्नायू सैल राहावेत, हे या खेळाचे मूळ तत्त्व आहे. रेल आणि मूठ यांची प्रत्येक जुळवणी याच कसोटीवर तपासावी लागते.

रेलची निवड

स्पर्धात्मक रायफलच्या दस्त्याखाली लांब खाच असलेली ॲल्युमिनियमची रेल बसविलेली असते. या खाचेत पुढील हाताला अडविणारा हँड स्टॉप मागे-पुढे सरकतो आणि पट्ट्याची कडीही तेथेच अडकते. उभ्या पवित्र्यासाठी लागणारा पाम रेस्ट, म्हणजे तळहातावर टेकणारा उंचवटा, याच रेलवर बसतो. अमेरिकी लष्कराने १९९५ मध्ये प्रमाणित केलेली दातेरी पिकाटिनी रेल वेगळी आहे. तिच्यासाठी बनविलेले सुटे भाग या खाचेत बसत नाहीत. खाचेची रुंदीही निर्मात्यानुसार बदलू शकते. त्यामुळे मापे पडताळल्याशिवाय हँड स्टॉप खरेदी करू नये. रेल हँड स्टॉपच्या सर्व आवश्यक जागा सामावून घेईल इतकी लांब असावी. आडवे पडून व गुडघ्यावर बसून नेम धरताना हाताची जागा बरीच बदलते, हे येथे लक्षात घ्यावे.

हँड स्टॉपची जागा

हँड स्टॉप आधी कसून मग त्याप्रमाणे हात वळविणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. प्रथम हँड स्टॉप सैल ठेवून पवित्रा घ्यावा, हात नैसर्गिकपणे जेथे विसावतो तेथे येऊ द्यावा आणि मग हँड स्टॉप हातापर्यंत सरकवून कसावा. तो पुढे सरकविल्यास रायफल खाली येते, मागे घेतल्यास वर जाते. त्यानंतर डोळे मिटून काही श्वास घ्यावेत व डोळे उघडावेत. नेम वर किंवा खाली गेला असल्यास हँड स्टॉप अथवा बट प्लेट सरकवावी. नेम डावीकडे किंवा उजवीकडे गेला असल्यास हाताने रायफल ओढून न आणता संपूर्ण शरीर वळवावे.

बोटे बधिर होत असतील किंवा नाडीचे ठोके नेमात दिसत असतील, तर पट्टा प्रमाणाबाहेर आवळला आहे किंवा दंडावर चुकीच्या जागी बसला आहे, असे समजावे. अशी वेदना सहन करीत सराव सुरू ठेवणे योग्य नाही.

मुठीची जुळवणी

मुठीची तीन मापे पाहावीत : चापापासूनचे अंतर, तिचा कोन आणि जाडी. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर टेकावा व उरलेल्या बोटाचा दस्त्याला स्पर्श होऊ नये. बोट नळीच्या रेषेत सरळ मागे आले पाहिजे. मूठ फार दूर असल्यास बोटाचे टोक चाप बाजूला ढकलते. फार जवळ असल्यास बोट सांध्याशी दुमडते. मनगट सरळ आणि निवांत राहील असा कोन निवडावा. मूठ तासायची किंवा भरायची असल्यास ती रायफलपासून वेगळी करूनच काम करावे. अन्यथा भुसा चापाच्या यंत्रणेत शिरतो.

जोडणी करताना

काम सुरू करण्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट बाहेर काढावा. रेल दस्त्यावर बसते, नळीवर नव्हे. पट्ट्याचा ताण नळीपर्यंत पोहोचू नये, यासाठी नळी दस्त्यापासून सुटी ठेवलेली असते. रेलचा स्क्रू गरजेपेक्षा लांब असल्यास तो दस्ता पार करून नळीला टेकू शकतो आणि गोळ्या विखुरतात. म्हणून जोडणीनंतर कागदाची पट्टी नळी व दस्ता यांच्यामधून सरकवून पाहावी. स्क्रू निर्मात्याने सांगितलेल्या पिळाइतकेच, टॉर्क पान्याने कसावेत.

एका वेळी एकच बदल करावा व त्यानंतर किमान दहा गोळ्या झाडून परिणाम पाहावा. प्रत्येक पवित्र्यातील हँड स्टॉपची जागा रेलवर खूण करून वहीत नोंदवावी.

स्पर्धेचे नियम व कायदा

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार सर्व जोडण्यांसह ५० मीटर रायफलचे वजन ८ किलोपेक्षा, तर १० मीटर एअर रायफलचे ५.५ किलोपेक्षा अधिक असता कामा नये. एअर रायफलला पाम रेस्ट चालत नाही. ५० मीटर प्रकारात तो चालतो, मात्र नळीच्या मध्यरेषेपासून २०० मिलिमीटरपेक्षा खाली नसावा. उभ्या पवित्र्यात पट्टा वापरता येत नाही. आडवे पडून नेम धरताना पट्टा बांधलेल्या हाताचा जमिनीशी कोन ३० अंशांपेक्षा कमी नसावा. हँड स्टॉप फार पुढे नेल्यास ही मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता असते. थ्री पोझिशन प्रकारात एकच रायफल वापरावी लागते, मात्र हँड स्टॉप, बट प्लेट असे भाग बदलण्यास मुभा असते. उपकरण तपासणीनंतर नियमबाह्य फेरबदल केल्यास खेळाडू अपात्र ठरू शकतो.

भारतात .२२ रायफलसाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना आवश्यक आहे. शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायासाठीही स्वतंत्र परवाना लागतो. त्यामुळे नळी, बोल्ट किंवा चापाच्या यंत्रणेचे काम घरी न करता परवानाधारक कारागिराकडेच सोपवावे.

वाढत्या वयातील खेळाडूंच्या हातांची लांबी काही महिन्यांतच बदलते. त्यांची जुळवणी प्रशिक्षकांनी ठरावीक काळाने पुन्हा तपासावी. नामवंत नेमबाजाची मापे जशीच्या तशी उतरवून घेणे टाळावे, कारण ती मापे त्या नेमबाजाच्या शरीरासाठी ठरविलेली असतात.