रमण्यातील दक्षिणा आणि मराठीतील संशोधन

पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी पेशवाईच्या काळी रमणा या नावाचे भिंतीने वेढलेले एक विस्तीर्ण आवार होते, आणि प्रतिवर्षी श्रावणमासात, काशीपासून कर्नाटक-द्रविड देशांपर्यंतच्या वाटा तुडवीत आलेले सहस्रावधी ब्राह्मण तेथे दक्षिणेसाठी एकत्र होत. ही चाल मूळची पेशव्यांची नव्हे. तळेगावचे सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या घराण्यात ती होती. पुढे दाभाड्यांचे बळ ओसरले आणि राज्याची सूत्रे पुण्यास आली, तेव्हा सूत्रांबरोबर हा खर्चही पुण्याच्या खजिन्यावर पडला. रमण्यात लोटणाऱ्या या समुदायाचेच वर्णन बखरकारांनी व परकी प्रवाशांनी विशेष केले असल्यामुळे, दक्षिणा म्हणजे भिक्षुकांना वाटलेली खैरात, असा समज रूढ झाला आहे. तो अर्धाच खरा आहे.

रमण्याच्या दरवाजातून थोडक्या रुपयांवर वाटेला लागणारा याचक निराळा, आणि ज्याची विद्या पारखून ज्याला त्या विद्येच्या मानाने मोठी रक्कम व शालजोडी मिळे तो शास्त्री निराळा. या दुसऱ्या वर्गाची परीक्षा होई. कोणी न्यायात, कोणी व्याकरणात, कोणी धर्मशास्त्रात, कोणी ज्योतिषात, तर कोणी वैद्यकात आपला अधिकार सिद्ध करी. आणि पुण्यास मान्यता मिळालेल्या शास्त्र्याचा शब्द त्याच्या मुलखात अधिक वजनाने ऐकला जाई. आज ज्यांना आपण विज्ञान, कायदा, आरोग्य आणि संस्कृती अशी पृथक् नावे देऊन पृथक् इमारतींत बसवितो, त्या सर्व विद्या तेव्हा एकाच परीक्षेच्या छत्राखाली उभ्या होत्या आणि त्यांचा योगक्षेम एकाच दफ्तरातून चाले. नवीन ज्ञान शोधण्यापेक्षा जुने राखण्याकडे या व्यवस्थेचा कल होता आणि तिचे द्वार एकाच वर्णास उघडे होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु विद्वानाचा निर्वाह हे राज्याचे कर्तव्य आहे, ही कल्पना तिने महाराष्ट्रात रुजविली, हेही तितकेच खरे.

1818 साली राज्य गेले. दख्खनचे कमिशनर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांना नव्या अंमलाविषयी लोकांचे मन राखणे अगत्याचे वाटत होते. त्यांनी रमण्यातील सरसकट वाटप बंद केले, परंतु विद्वानांची दक्षिणा वर्षाला पन्नास हजार रुपयांच्या मर्यादेत चालू ठेविली. 1821 साली त्यांचे उत्तराधिकारी चॅप्लिन यांच्या कारकिर्दीत पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, तिचा खर्चही दक्षिणेच्या याच रकमेवर बसविला. दुसऱ्या बाजीरावाच्या विलासाचा तो वाडा आता विद्यार्थ्यांच्या घोषाने भरून गेला, आणि वेद, न्याय, व्याकरण, अलंकार, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक अशा शाखांचे शास्त्री वेतनावर शिकवू लागले.

या शाखांपैकी नव्या सरकारच्या तात्काळ उपयोगी पडली ती धर्मशास्त्राची. दिवाणी दाव्यांत हिंदूंचा वारसा, दत्तक, स्त्रीधन यांचा निवाडा हिंदूंच्या शास्त्राप्रमाणे व रूढीप्रमाणे करावयाचा असे ठरल्यामुळे, अदालतीत शास्त्री नेमणे आणि त्यांची व्यवस्था, म्हणजे लेखी निर्णय, मागविणे क्रमप्राप्त झाले. दख्खनमधील निरनिराळ्या जातींचे रीतिरिवाज शास्त्र्यांना व जातिप्रमुखांना विचारून आर्थर स्टील यांनी संकलित केले, तो ग्रंथ 1827 सालचा आहे. पुस्तकातील वचन आणि गावातील चाल यांत अंतर असते, आणि ते चौकशी करून नोंदवावे लागते, ही दृष्टी त्यात प्रथम दिसते. 1864 साली अदालतीतील शास्त्र्यांची पदे कायद्याने रद्द झाली. परंतु त्यांनी दिलेली उत्तरे दफ्तरात राहिली होती. ती निवडून रेमंड वेस्ट व गेऑर्ग ब्यूलर यांनी 1867 पासून हिंदू कायद्याचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्याने मुंबई इलाख्यातील वकिलांच्या अनेक पिढ्या पोसल्या. या भूमीवरच पुढे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे उभे राहिले. मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या या पंडिताने 1930 ते 1962 या अवधीत पाच खंडांत धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला, आणि 1963 साली त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली.

वैद्यकाचे भाग्य असे नव्हते. पाश्चात्त्य वैद्यकाची मुंबईत प्रतिष्ठापना झाली तशी पाठशाळेतील वैद्यकशाखा निस्तेज होत गेली, आणि जुन्या वैद्याच्या अनुभवाची नव्या पद्धतीने तपासणी करण्याची संधी पुष्कळ काळ वाया गेली. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी डॉ. भाऊ दाजी लाड यांनी कुष्ठरोगावर देशी वनस्पतींचे प्रयोग केले आणि त्याच हाताने प्राचीन शिलालेखांचे वाचनही केले. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी अष्टांगहृदयाची अरुणदत्ताच्या टीकेसह संशोधित आवृत्ती 1880 साली मुंबईत छापविली. पण हे उद्योग व्यक्तींचे होते. दक्षिणेच्या व्यवस्थेने ज्योतिष व धर्मशास्त्र यांना जसा आधार दिला तसा वैद्यकास दिला नाही, ही तिची मोठी उणीव मला वाटते.

खरा पालट 1849 साली झाला. त्याआधीच सरकारने दक्षिणेच्या यादीत नवी नावे घेणे थांबविले होते आणि एकेक शास्त्री कालवश होई तशी रक्कम शिलकी पडत होती. गोपाळ हरी देशमुख, म्हणजेच लोकहितवादी, आणि त्यांच्या विचारांचे पुण्यातील तरुण यांनी सरकारकडे अर्ज केला की, हा पैसा एका जातीच्या निर्वाहापुरता न ठेवता लोकोपयोगी विद्येस व मराठी ग्रंथरचनेस लावावा. शहरात मोठा क्षोभ झाला. अर्जदारांना मारहाणीचे भय होते, आणि जोतीराव फुले यांनी आपली माणसे त्यांच्या संरक्षणास दिली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. दक्षिणेचा पैसा रयतेच्या साऱ्यातून येतो, मग त्या पैशाने मिळविलेली विद्या रयतेच्या भाषेत का येऊ नये? या प्रश्नास तेव्हा कोणाजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. आणि मराठीतील संशोधनाच्या इतिहासाचा आरंभ मी एखाद्या ग्रंथापासून न धरता या अर्जापासून धरतो तो याच कारणाने.

सरकारने मागणी अंशतः मान्य केली. 1851 मध्ये मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्यासाठी दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली, आणि त्याच वर्षी पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले, जे पुढे डेक्कन कॉलेज या नावाने प्रसिद्धी पावले. त्या पाठशाळेत वाढलेल्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 1861 मध्ये अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह हा ग्रंथ लिहून कितीतरी विद्यांची मूलतत्त्वे सुबोध मराठीत आणली. तथापि कमिटीचे द्वार सर्वांस सारखे उघडले नव्हते. 1855 साली जोतीराव फुल्यांनी तृतीय रत्न हे नाटक कमिटीकडे पाठविले, आणि भट सभासदांच्या आग्रहामुळे ते नापसंत झाले, असे त्यांनी स्वतःच पुढे नमूद केले आहे. ज्या फंडाच्या मुक्ततेसाठी ते उभे राहिले त्या फंडाकडून त्यांस हे फळ मिळाले, याची खंत मराठी वाचकाने बाळगली पाहिजे.

दक्षिणेच्या रकमेतून कॉलेजांत फेलोच्या जागाही निर्माण झाल्या, आणि 1859 साली मालवणच्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची दक्षिणा फेलो म्हणून नेमणूक झाली. जुन्या शास्त्र्यांची व्याकरणनिष्ठा आणि युरोपीय पंडितांची चिकित्सा यांचा संगम त्यांच्या ठायी झाला. 1884 चा त्यांचा दख्खनचा प्राचीन इतिहास हे त्या संगमाचे फळ होय.

परंतु दक्षिणेच्या इतिहासातील सर्वांत मोठे श्रेय मी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या ग्रंथास देतो. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड गावी 1853 साली जन्मलेले दीक्षित विश्वविद्यालयाचे पदवीधर नव्हते. सरकारी शाळाखात्यातील शिक्षकाची बदल्यांची नोकरी करीत त्यांनी ज्योतिषाचे ग्रंथ, हस्तलिखिते आणि प्रांतोप्रांतीची पंचांगे तपासली. पंचांगाच्या इतिहासावर निबंध मागविण्याची दक्षिणा प्राइझ कमिटीची जाहिरात निघाली, ती त्यांच्या व्यासंगास निमित्त झाली. बक्षीस मिळालेले ते लेखन भारतीय ज्योतिःशास्त्र या नावाने 1896 साली छापले गेले. वैदिक काळापासून अर्वाचीन करणग्रंथांपर्यंतचा विस्तार आकळून, प्रत्येक ग्रंथाचे वर्षमान व ग्रहगती स्वतः गणित करून पडताळणारा असा ग्रंथ भारतात दुसऱ्या कोणत्याही भाषेत तोवर झाला नव्हता असे माझे मत आहे. कृत्तिका पूर्वदिशेपासून ढळत नाहीत, या शतपथ ब्राह्मणातील विधानावरून त्यांनी केलेला कालनिर्णय आजही चर्चिला जातो. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतीय पंचांगाचा इंग्रजी ग्रंथ शिलालेखांच्या व जुन्या कागदांच्या तिथी लावण्यास अभ्यासकांच्या हाती आला. 1898 मध्ये, पंचेचाळिशीच्या आसपास, दीक्षित निवर्तले. पुढे भारत सरकारने भारतीय ज्योतिःशास्त्राचे इंग्रजी भाषांतर करवून दोन भागांत छापले; म्हणजे मराठीत लिहिलेले संशोधन वाचण्यासाठी इतरांना भाषांतर करावे लागले, आणि असा प्रसंग आपल्या भाषेवर वारंवार आलेला नाही.

दक्षिणेच्या आश्रयाने निघालेली विज्ञानाची, कायद्याची, वैद्यकाची व इतिहासाची मराठी पुस्तके अजून जुन्या घरांच्या माळ्यांवर आणि बंद पडलेल्या वाचनालयांच्या कपाटांत असतील. त्यांची बांधणी सुटली म्हणून ती रद्दीवाल्यास देऊ नयेत. ज्यांच्या घरी अशी प्रत सापडेल त्यांनी ती पुणे नगर वाचन मंदिर, भारत इतिहास संशोधक मंडळ, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय अथवा जवळचे एखादे जुने ग्रंथालय यांस दाखवावी, आणि तेथे ती नसेल तर स्वतःची प्रत त्यांच्या स्वाधीन करावी.