निकालावर अनुदान आणि जोतीरावांची हरकत

दहावीचा निकाल लागला की आपल्या गटाच्या बैठकीत बचतीआधी मार्कांचा विषय निघतो. कुणाच्या पोरीला किती पडले, कोण गणितात राहिली. राहिलेल्या पोरीसाठी कधी कधी लगेच स्थळं पाहणं सुरू होतं. म्हणून आज आम्ही परीक्षेचीच जुनी हकिकत सांगतो.

१८६२ साली इंग्लंडच्या सरकारनं नियम केला. तपासनीस शाळेत येणार, एकेका मुलाचं वाचन, लेखन आणि गणित तपासणार. जेवढी मुलं पास, त्या मानानं शाळेला अनुदान. मूल नापास झालं की पैसा कापला. हिशेब वरून चोख दिसत होता. पण जेवढं तपासलं जाणार तेवढंच मास्तर शिकवू लागले आणि मुलं धडे घोकू लागली. मॅथ्यू अर्नॉल्ड स्वतः शाळा तपासनीस होते, तरी त्यांनी या पद्धतीवर उघड टीका केली.

हीच पद्धत आपल्याकडे मुंबई इलाख्यातल्या खाजगी शाळांना लागली. आपला बुलढाणा तेव्हा वऱ्हाडात होता, त्याचा कारभार वेगळा. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग आला. १९ ऑक्टोबरचं जोतीराव फुल्यांचं निवेदन या आयोगासाठीच होतं. त्यात त्यांनी सांगितलं, की निकालावर पैसा देण्याची रीत गरीब, अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवायला अजिबात उपयोगाची नाही. ज्या घरांत शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथं असल्या अनुदानाच्या भरवशावर कोणता मास्तर शाळा काढेल? त्याचं पोट कसं भरेल? आधी गोडी लागू द्या, तोवर सरकारनंच शाळा चालवाव्यात, असं त्यांचं मत होतं. तपासनिसानं वर्षातून एकदा येऊन भागत नाही, तीन महिन्यांनी तरी यावं, न कळवताही यावं, असंही त्यांनी सुचवलं.

पुढं १९०४ मध्ये खुद्द इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या ठरावात ही रीत सोडण्याची भूमिका घेतली. नियम गेला, सवय मात्र राहिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं थांबवलं. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली.

परीक्षा नकोच, असं आमचं म्हणणं नाही. मुलाला वाचता येतं का, हे आईला कळलंच पाहिजे. पण ऊसतोडीला, वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेलेलं लेकरू आणि वर्षभर वर्गात बसलेलं लेकरू यांना एकच पेपर दिला, तर मार्कांत दोघांची हुशारी दिसते की दोघांच्या घरची परिस्थिती?

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं कायदाच सांगतो. तिथं बसा आणि विचारा: माझं लेकरू कशात मागं आहे? त्यासाठी पुढच्या महिन्यात काय करणार? स्थलांतर करून आलेल्या मुलांचा राहिलेला अभ्यास कोण घेणार? आणि दहावीत राहिलेल्या पोरीसाठी पुरवणी परीक्षा असते, शाळा सुटलेलीला १७ नंबरचा फॉर्म भरता येतो. स्थळ पाहण्याआधी तो फॉर्म आणा.